विडंबनातलं एक वाक्य कापून खरं म्हणून फिरलं. पुढचा व्हिडिओ करायचा तर कसा?

संवादलेखिका:

मी मालिकांचे संवाद लिहिते, सोळा वर्षं झाली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी आमच्या मालिकेतल्या एका नावाजलेल्या अभिनेत्रीनं माझ्याकडे निवडणुकीवर विडंबन मागितलं. तिचं नाव देत नाही, झाला तेवढा त्रास तिला पुरे. ती म्हणाली होती, "मतदान करा, मतदान करा, एवढंच बोलायला मला बोलावतात. बायकांना दारात येऊन जे ऐकवलं जातं त्यावर कुणी बोलत नाही. ते लिही." मी दोन रात्रींत लिहिलं. कुठल्या पक्षाचा पैसा नाही, कुठल्या उमेदवाराशी ओळख नाही. कॅमेरा मित्राचा, साडी तिच्या कपाटातली.

तेव्हाचं वातावरण आठवत असेल. 'लाडकी बहीण'चे महिना १५०० रुपये जुलैपासून लागू झाले होते. प्रचारात एका बाजूनं २१०० चा शब्द दिला, दुसरीनं ३००० चा. आणि माझ्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंनी मला सांगितलं होतं की त्यांच्या चाळीत एक जण फिरून हलक्या आवाजात म्हणत होता, मत कुणाला दिलं ते कळतं बरं का. त्या एका वाक्यावरून मी सगळा व्हिडिओ लिहिला.

व्हिडिओ ३ मिनिटं ४० सेकंदांचा. त्यात ती 'ताईसाहेब' नावाची एक काल्पनिक उमेदवार झाली होती. हळदीकुंकवाला बायका जमल्यात, ताईसाहेब वाण वाटतात आणि गोड हसत म्हणतात, "ज्या बाईचं मत दुसरीकडं गेलं, तिचा हप्ता पुढच्या महिन्यापासून बंद. कुणी कुठलं बटण दाबलं ते मशीन आम्हाला संध्याकाळी सांगतं." मग त्या पर्समधून एक कॅल्क्युलेटर काढतात, त्यालाच "हं, सांग रे, कोणकोण?" असं विचारायला लागतात, आणि बायका हसून हसून लोळतात. शेवटी एक म्हातारी उठते आणि सगळ्यांना नीट समजावते: मशीनमध्ये मत मोजलं जातं, मत देणारीचं नाव त्यात कुठंच नसतं. तेच म्हातारीचं भाषण आम्हाला लोकांपर्यंत पोचवायचं होतं.

१२ नोव्हेंबरला व्हिडिओ टाकला. चार दिवस कौतुक झालं. १७ तारखेला सकाळी आत्याचा फोन आला. आत्या गावी एकटी असते, सत्तरीची आहे, तिला हप्ता मिळत नाही पण तिच्या दोन्ही सुनांना मिळतो. ती म्हणाली, "अगं, तुझ्या मालिकेतली ती सांगतीये म्हणजे खरंच असंल ना? मग सुनांनी काय करायचं?"

मला आधी कळेचना. तिनं शेजारच्या मुलाकडून मला तो तुकडा पाठवला. १९ सेकंद. "ज्या बाईचं मत" इथं सुरू आणि "संध्याकाळी सांगतं" इथं संपतो. कॅल्क्युलेटर नाही, हसणाऱ्या बायका नाहीत, म्हातारी नाही. आम्ही वर पिवळ्या पट्टीत मोठ्या अक्षरांत 'विडंबन' लिहिलं होतं, ती पट्टी कापलेली. खाली कुणीतरी लिहिलेलं: 'सर्व भगिनींनी लक्ष द्या.' आणि वर व्हॉट्सअ‍ॅपचे ते दोन बाण, अनेकदा पुढे पाठवलेला.

अभिनेत्रीनं त्याच दुपारी खुलाशाचा व्हिडिओ केला. चेहऱ्यावर मेकअप नाही, डोळे रडलेले. त्याला फारसं कुणी हात लावला नाही. २० तारखेला मतदान झालं. त्या १९ सेकंदांमुळे किती बायका धास्तावून रांगेत उभ्या राहिल्या असतील हे मला कधीच कळणार नाही, आणि ते माझ्या मनातून जात नाही. वाक्य माझं होतं.

आता ती पुन्हा म्हणतेय, पुढच्या निवडणुकीला करू या. माझा हात धजत नाही.

एक स्पष्ट करते. विडंबन केल्यावर अंगावर येणाऱ्यांची भीती मी विचारत नाहीये. ती सगळ्यांना माहीत आहे. २०१७ मध्ये आरजे मलिष्कानं मुंबईच्या खड्ड्यांवर गाणं केलं तर पाचशे कोटींच्या दाव्याची मागणी झाली, घरी डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून पालिकेची नोटीस आली. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या विडंबनगीतानंतर खारमधला स्टुडिओ फोडला गेला. पण ते चिडलेले लोक होते, त्यांना विडंबन पुरतं कळलं होतं. माझा प्रश्न ज्यांच्यापर्यंत ते विडंबन म्हणून पोचलंच नाही त्यांचा आहे. २००८ साली अमेरिकेत विनोदी अभिनेत्री टीना फेनं उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं सोंग घेऊन 'मला माझ्या घरातून रशिया दिसतो' असं म्हटलं होतं. पेलिन मुलाखतीत एवढंच म्हणाल्या होत्या की अलास्कातल्या जमिनीवरून रशिया दिसतो. तरी आज कितीतरी लोक ते वाक्य पेलिन यांचंच समजतात. तिथं तर कुणी कात्रीसुद्धा लावली नव्हती.

तर सांगा, असं काही लिहिता येतं का की कुठूनही कापलं तरी ते सोंगच राहील? की प्रसिद्ध चेहऱ्यानं या वाटेला जाऊच नये?


एडिटटेबल:

तुकडा पाहिल्याशिवाय बोलणं बरोबर नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तीन ठिकाणी हात लावावासा वाटतो.

पट्टी वर होती ही पहिली चूक. आडवा व्हिडिओ उभा करताना कडा जातात, आणि ज्याला फसवायचंय तो पहिली कात्री तिथंच लावतो. शब्द चौकटीच्या आत हवा. मागच्या भिंतीवर रंगवलेला, पात्राच्या छातीवरच्या बिल्ल्यावर, हातातल्या पिशवीवर. जो काढायचा तर चेहराच कापावा लागेल असा.

दुसरं म्हणजे आवाज. तुमच्या त्या १९ सेकंदांत मागं काही वाजत नव्हतं, बरोबर? आम्ही एडिटवाले गंभीर वाक्य आलं की संगीत खाली घेतो, सवयीनं. विडंबनात ते करू नका. ढोलकी, झांज, काहीही असो, त्या वाक्याच्या खालून चालू ठेवा. हल्ली आवाज वेगळा काढता येतो हे खरं, पण पुढे ढकलणारे शंभरातले नव्व्याण्णव एवढी खटपट करत नाहीत. ते नुसतं पुढचं-मागचं कापतात.

तिसरं, साडी. तिच्या कपाटातली साडी नेसली आणि मालिकेत दिसते तशीच ती दिसली. मग आत्याबाईंनी काय समजायचं?


एक मतदार:

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. नटनट्यांनी निवडणुकीत बोलूच नये असं मला वाटतं. आज विडंबन करतात, उद्या त्याच चेहऱ्यानं कुणाच्या तरी रोड शोच्या जीपवर उभे राहतात. आम्ही कशाला काय समजायचं? एप्रिल २०२४ मध्ये आमिर खान आणि रणवीर सिंग यांचे बनावट व्हिडिओ फिरले होते, दोघंही पक्षाचा प्रचार करताहेत असे. दोघांकडूनही तक्रारी गेल्या, गुन्हे नोंदवले गेले. मी स्वतः आमिरचा तो तुकडा खरा समजून भावाला पाठवला होता. त्या दिवसापासून निवडणुकीच्या काळात ओळखीचा चेहरा दिसला की मी व्हिडिओ बंद करतो.


संवादलेखिका:

राग कसला. तुम्ही जे लिहिलंत त्यातच माझ्या प्रश्नाचं मूळ आहे. साध्या नकलाकारानं नक्कल केली की लोक नक्कल बघतात. श्याम रंगीला मोदींच्या आवाजात बोलतो तेव्हा ते मोदी नाहीत हे शेंबडं पोरही ओळखतं, कारण त्याची ओळखच ती नक्कल आहे. आमच्या अभिनेत्रीचं उलट आहे. तिचा चेहरा रोज संध्याकाळी आत्याच्या घरात असतो. सून म्हणून, आई म्हणून. आत्याला ती ताईसाहेब दिसलीच नाही, तिला आपली माणूस दिसली. आणि आपली माणूस सांगतेय म्हणून तिनं ते मानलं.

म्हणून एडिटटेबल, साडीचं तुमचं अगदी खरं. आम्ही 'नैसर्गिक' दिसावं म्हणून धडपडत होतो. हो, त्या वाक्याखाली संगीत नव्हतं. मीच काढायला सांगितलं होतं, वाक्य नीट ऐकू यावं म्हणून.

गप्प बसावं हे मात्र मला पटत नाही. चाळीत फिरणारा तो माणूस गप्प बसला नव्हता.


कोर्टाची पायरी:

मी वकिली करते, निवडणूक याचिकांचं थोडं काम केलंय. कायद्यापुरतं सांगते.

मतदान संपण्याआधीचे ४८ तास. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२६. यात निवडणुकीच्या निकालावर परिणाम करण्याच्या हेतूचा मजकूर पडद्यावर दाखवायला मनाई आहे, आणि लोक जमवण्यासाठी केलेला गाण्याचा किंवा नाटकाचा कार्यक्रमही त्यात स्पष्ट शब्दांत येतो. दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमचा व्हिडिओ कुणाला मत द्या म्हणत नव्हता, तरी त्या ४८ तासांत नवं काही टाकू नका, जुनं पुन्हा पुढे करू नका. मतदान किती टप्प्यांत आहे तेही बघा. महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथले आदेश वेगळे निघतात, ते आधी वाचा.

पात्र काल्पनिक ठेवलंत हे चांगलं केलंत. खऱ्या उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल किंवा वागणुकीबद्दल खोटं विधान, निकालावर परिणाम व्हावा म्हणून, वस्तुस्थिती असल्यासारखं केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १७५ लागतं. बदनामीचं ३५६ वेगळंच. 'वस्तुस्थिती असल्यासारखं' या शब्दांकडे लक्ष द्या. विडंबन विडंबन म्हणून दिसणं हाच तुमचा बचाव आहे. म्हणजे एडिटटेबल सांगताहेत ते कलेपुरतं नाही, ते कागदावरही उपयोगी पडेल.

एखाद्या पक्षाचा किंवा उमेदवाराचा एक रुपयाही घेऊ नका, चहाचाही नाही. घेतलात की ती जाहिरात. मग माध्यम प्रमाणन समितीची आधी मंजुरी, उमेदवाराच्या खर्चात नोंद, सगळं आलं. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आहे आणि विरोधक त्यातला प्रत्येक रुपया मोजायला बसलेले असतात.

गाण्याची चाल उचलणार असाल तर सांभाळा. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी वापराची मुभा आहे, पण 'विडंबन' हा शब्द त्यात नाही. कामराच्या त्याच कार्यक्रमाच्या व्हिडिओवर, त्यात चाल वापरलेल्या एका गाण्याच्या हक्कदारांनी दावा टाकला होता. स्वतःची किंवा पारंपरिक चाल घ्या.

आणि तुकडा पुन्हा फिरला तर खुलासा करत बसण्याआधी मूळ व्हिडिओचा दुवा आणि तारीख देऊन त्याच तासाला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. मे २०२४ मध्ये निवडणूक आयोगानं पक्षांना सांगितलं होतं की असा बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत काढा. १७ तारखेला तुमच्याकडून तशी तक्रार गेली होती का?


संवादलेखिका:

नाही गेली. आम्हाला सुचलंच नाही. आम्ही दिवसभर लोकांना फोन करत होतो.


झीलकरी:

ताई, मी तमाशात चाळीस वर्षं झील धरली. आता गुडघे साथ देत नाहीत, पोरगा फोनवर टाइप करून देतो.

तुम्ही विचारलंत की कुठूनही कापलं तरी सोंग सोंगच राहील असं काही आहे का. आहे. आमच्याकडं कापणारा कुणी नव्हता, पण येणारा-जाणारा होता. जत्रेत माणूस कधीही येतो, कधीही उठतो. मधेच आला आणि त्याला राजाच दिसला, तर तो राजा खरा की सोंग हे त्याला तिथल्या तिथं कळलं पाहिजे. म्हणून नाथांच्या सोंगी भारुडात बघा, सोंग आलं की पहिला सवाल, "बाई, तू कोण?" आणि सोंग सांगतं मी कोण. एकदा सांगून भागत नाही. फिरून फिरून विचारतात.

वगातही, म्हणजे तमाशातल्या नाटकातही, तेच. सोंगाड्या दोन वाक्यं प्रधानाची बोलतो आणि तिसरं वाक्य सोंगातून बाहेर येऊन गावच्या सरपंचाकडं बघून बोलतो. लोक हसतात ते त्या ये-जा करण्याला. तो जर सलग पाच मिनिटं प्रधानच राहिला, तर मागं बसलेल्या म्हाताऱ्याला वाटायचं, कोण हा साहेब आलाय.

आणि झील. शाहीर दोन ओळी म्हणतो, मागून आम्ही जी जी रं जी म्हणून उचलतो. दर दोन ओळींनी. तुम्ही १९ सेकंद कापा नाहीतर नऊ, मधे झील येणारच. मग त्या झिलीतच सांगा ना हे सोंग आहे म्हणून. तुमच्या ताईसाहेब धमकी देतात आणि मागच्या बायका हसतात, पण हसतात कधी? धमकी पुरी झाल्यावर, कॅल्क्युलेटर निघाल्यावर. उशीर झाला. धमकीच्या मधोमध तोडायचं. वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. आमचे गुरू म्हणायचे, खोटं बोलणाऱ्या पात्राला एका दमात दोन वाक्यं देऊ नये.

बायका हसू देत, पण मोठ्यानं 'सोंग' म्हणू देत.


संवादलेखिका:

काका, तुमचं उत्तर मी काल रात्री तीनदा वाचलं आणि मग वही काढली.

सोळा वर्षं मी उलटं शिकले. वाक्य पुरं होऊ द्यायचं, त्यावर थांबा द्यायचा, मग प्रतिक्रिया. मालिकेत तसंच लिहितात, चेहऱ्यावर कॅमेरा जायला वेळ मिळतो. त्या १९ सेकंदांत दोन वाक्यं होती, अगदी सलग, मधे फक्त तिचं हसू. कापणाऱ्याला मी आयता तुकडा हातात दिला होता.

आता त्याच प्रसंगाचं असं केलंय:

ताईसाहेब: ज्या बाईचं मत दुसरीकडं गेलं...
बायका: सोंग गं बाई, सोंग!
ताईसाहेब: ...तिचा हप्ता पुढच्या महिन्यापासून...
म्हातारी: कोण गं तू? तुझ्या बापाचा हप्ता?
बायका: सोंग गं बाई, सोंग!
ताईसाहेब: मशीन आम्हाला सांगतं...
म्हातारी: मशीन मोजतं. नाव सांगत नाही.
बायका: नाव सांगत नाही गं, नाव सांगत नाही!

म्हणजे म्हातारीचं भाषण शेवटी ठेवलं होतं ते फोडून प्रत्येक धमकीच्या पोटात घातलं. धमकी कापायची तर खरी माहिती सोबत येतेच. हे मला स्वतःला सुचलं नसतं.

अभिनेत्रीला रात्रीच वाचून दाखवलं. ती म्हणाली, साडी नको, मी अर्ध्या चेहऱ्याला पिवळा रंग लावते, भारुडातल्यासारखा, आणि भुवया जाड काढते. तिला एकच शंका होती की मग लोकांना मी ओळखू येईन का. मग तीच म्हणाली, आवाजावरून येईन, तेवढं पुरे.

कोर्टाची पायरी, तक्रारीचा मजकूर आधीच तयार करून ठेवतेय, तारीख आणि दुवा फक्त भरायचा. टाकण्याचा दिवस मतदानाच्या दहा दिवस आधीचा.


एडिटटेबल:

मला कच्चं फुटेज मिळालं तर एक काम करून देतो, पैसे नकोत. पुऱ्या व्हिडिओचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे पाडतो, कुठूनही, आणि ज्यांनी मूळ पाहिलं नाही अशा माणसांना एकेक दाखवू. जो तुकडा खरा वाटेल तिथं पुन्हा शूट.

झीलकरी काका, झिलीचा आवाज मुख्य आवाजावर चढवू का? शब्द शब्दाला अडकला की तो वेगळा काढता येत नाही.


झीलकरी:

चढवा. झील कधी शाहिराचा शब्द संपायची वाट बघत नाही. शेवटच्या अक्षरावरच उचलायची.


एक मतदार:

ते दहा सेकंदांचे तुकडे मला पाठवा. मी आमिरच्याला फसलो होतो, मी बघतो.


संवादलेखिका:

नक्की पाठवते. पण पहिला तुकडा आत्याला. आज दुपारी तिला फोनवर नुसतं वाचून दाखवलं, काय आहे ते न सांगता. "तिचा हप्ता पुढच्या महिन्यापासून" इथं मी श्वास घेतला, तर पलीकडून तीच म्हणाली, "कोण बाई ही?"